दोन बेडरूमच्या घराला बॅटरी किती लागते? आधी पंखे मोजा

प्रश्न थोडक्यात असा: ऐरोलीत दोन बेडरूमचा फ्लॅट, घरात पाच माणसे, वडील रात्री सीपॅप मशीन (झोपेत श्वास अडू नये म्हणून दाबाने हवा देणारे) लावून झोपतात. महिन्यातून एक-दोनदा दुरुस्तीसाठी तीन-चार तास लाईट जाते, पावसाळ्यात जरा जास्त. एक दुकानदार म्हणतो १५० एएचची (अँपिअर-तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचे माप) एक बॅटरी भरपूर झाली. दुसरा ५ किलोवॅट-तासांची लिथियम बॅटरी गळ्यात मारू पाहतोय. कोणाचे ऐकावे?

दोघांचेही नको. पहिल्याची बॅटरी तुम्हाला अर्ध्या वाटेत सोडेल. दुसऱ्याच्या बॅटरीतली अर्ध्याहून अधिक वीज तुम्ही वर्षानुवर्षे न वापरता सांभाळत बसाल. दोघांनीही एक गोष्ट विचारलेली नाही: लाईट गेल्यावर घरात नक्की काय काय चालू राहणार, आणि किती वेळ?

इथे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दुकानात त्यांची सरमिसळ होते. एका क्षणी एकत्र किती वॅट लागतात, यावरून इन्व्हर्टर ठरतो. ते किती तास लागतात, म्हणजे वॅट-तास किती, यावरून बॅटरी ठरते. इन्व्हर्टर म्हणजे नळाची तोटी आणि बॅटरी म्हणजे टाकी. तोटी मोठी बसवली म्हणून टाकीतले पाणी वाढत नाही.

तुमच्या घराचा चार तासांचा हिशेब मांडून बघू. साधे पंखे धरले आहेत, कारण बहुतेक घरांत अजून तेच आहेत.

तीन पंखे, प्रत्येकी ७५ वॅट, ४ तास: ९०० वॅट-तास
एक ट्यूब आणि दोन बल्ब मिळून ४० वॅट, ४ तास: १६०
वाय-फाय राउटर आणि फायबरचा डबा, १५ वॅट, ४ तास: ६०
टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स, ९० वॅट, २ तास: १८०
एक लॅपटॉप, ६० वॅट, ३ तास: १८०
फ्रिज, थांबत-चालत सरासरी ४५ वॅट, ४ तास: १८०
सीपॅप, ह्युमिडिफायर बंद ठेवून ३० वॅट, ४ तास: १२०
मोबाईल चार्जिंग, २० वॅट, २ तास: ४०

बेरीज १८२० वॅट-तास, म्हणजे १.८२ युनिट. सरासरी भार ४५५ वॅट. यादीत निम्मा वाटा एकट्या पंख्यांचा आहे, फ्रिजचा नाही आणि टीव्हीचाही नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात पंखा बंद ठेवून बसणे शक्य नाही, त्यामुळे तो आकडा कमी करायचा तर पंखाच बदलावा लागतो. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा पंखा पूर्ण वेगावर साधारण ३० वॅट घेतो. तीन पंख्यांचे ९०० वॅट-तास ३६० वर येतात आणि सगळी बेरीज १२८० होते. बॅटरीवर एक रुपया न घालवता ५४० वॅट-तास हातात आले, शिवाय रोजच्या बिलातही फरक पडतो. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर स्टार लेबल सक्तीचे आहे, तेव्हा घेताना खोक्यावरचे वॅट वाचून घ्या. जुना रेग्युलेटर मात्र काढून टाका. बहुतेक बीएलडीसी पंखे त्यावर नीट चालत नाहीत, त्यांचा वेग रिमोटवरून बदलतात.

माझे स्पष्ट मत आहे की पंखे न बदलता बॅटरीचा आकार ठरवायला बसूच नये.

वरचे आकडे तुमच्या घरात वेगळे निघतील. ते स्वतः मोजा, फार सोपे आहे. तळमजल्यावरच्या मीटर रूममध्ये आपला ग्राहक क्रमांक पाहून मीटर शोधा. त्यावर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी दर युनिटला किती इम्पल्स ते छापलेले असते, उदाहरणार्थ ३२००. एकाने फोन घेऊन खाली उभे राहायचे, दुसऱ्याने वर घरातले बाकी सगळे बंद करून फक्त बॅकअपवर हवे तेवढे चालू ठेवायचे. मिनिटभर लुकलुक मोजा. समजा २४ आली. तासाला १४४०. त्याला ३२०० ने भागले की ०.४५ युनिट, म्हणजे ४५० वॅट. फ्रिज कधी चालू कधी बंद असतो, म्हणून त्याच्यासाठी प्लगमध्ये लावायचा वॅट-मीटर वापरून पूर्ण २४ तासांचे युनिट मोजा आणि २४ ने भागा.

आता पहिल्या दुकानदाराची बॅटरी, नेहमीची लेड-ॲसिड. १५० एएच गुणिले १२ व्होल्ट म्हणजे १८०० वॅट-तास. आपल्याला हवेत १८२०. कागदावर जवळजवळ जुळते आणि बरेच ग्राहक इथेच फसतात. लेबल नीट वाचले तर १५० एएचच्या पुढे बारीक अक्षरात सी२० लिहिलेले असते. अर्थ असा की ही बॅटरी २० तास सावकाश, ७.५ अँपिअरने उतरवली तरच १५० एएच देते. तुमचा ४५५ वॅटचा भार तिच्याकडून ४७ अँपिअर ओढणार, कारण इन्व्हर्टर स्वतः सुमारे २० टक्के खातो. एवढ्या जोराने ओढली की लेड-ॲसिड बॅटरी १०० ते १०५ एएचच्या पुढे जात नाही. ॲसिडला प्लेटच्या आत शिरायला वेळच मिळत नाही. परिणामी कोरी करकरीत बॅटरी सव्वादोन तासांत पूर्ण बसते. दरवेळी अशी तळापर्यंत उतरवली तर तिचे आयुष्यही घटते.

तेच दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, २४ व्होल्टवर लावल्या तर प्रत्येकीवर साधारण २४ अँपिअरच येतात आणि तीच बॅटरी ११९-१२० एएच देते. इन्व्हर्टरचे २० टक्के आणि तळाशी राखून ठेवायचे २० टक्के वजा केले की हातात सुमारे १८३० वॅट-तास राहतात. साध्या पंख्यांसह चार तास जेमतेम निभावतात, पण फक्त नव्या बॅटरीवर. चौथ्या वर्षी क्षमता ८० टक्क्यांवर आली की तेच साडेचौदाशे होतात आणि तीन तास दहा-पंधरा मिनिटांनी इन्व्हर्टर कुईंकुईं करायला लागतो. बीएलडीसी पंखे लावलेले असतील तर तेव्हाही १२८० आरामात निघतात.

लिथियमचा हिशेब सरळ आहे, कारण लिथियम फॉस्फेट बॅटरी जोराने ओढली तरी क्षमता फारशी गाळत नाही. हवे असलेले वॅट-तास ०.८ ने भागा, ते इन्व्हर्टरचे. मग ०.९ ने भागा, तळाशी राखायचे. पुन्हा ०.८ ने भागा, म्हातारपणासाठी. १८२० चे होतात ३१६० आणि १२८० चे २२२०. बाजारात सर्रास मिळणारी २५.६ व्होल्ट १०० एएचची बॅटरी २५६० वॅट-तासांची असते. बीएलडीसी पंख्यांसह ती तुमच्या घराला नवी असताना पावणेसहा तास आणि ८० टक्क्यांवर आल्यावरही साडेचार तास देईल. ५ किलोवॅट-तास घेण्याचे कारण यात कुठेच दिसत नाही.

‘६००० सायकल’ या जाहिरातीवरही निर्णय घेऊ नका. तुमच्याकडे महिन्यातून एक-दोनदा लाईट जाते. वर्षाला ३० सायकल धरल्या तर ६००० सायकलींना २०० वर्षे लागतील. तुमच्याकडची बॅटरी वापराने झिजत नाही. ती वयाने, उष्णतेने आणि कायम शंभर टक्के भरून ठेवल्याने जुनी होते. लिथियम घ्यायची तर दुसऱ्या कारणांसाठी घ्या: पाणी घालायचे नाही, ॲसिड नाही, वजन २५ किलोच्या आसपास, आणि पटकन भरते. ट्यूब्युलर बॅटरी, म्हणजे नळीदार प्लेटची लेड-ॲसिड, ॲसिडसकट ५० ते ६० किलोची, आणि तशा दोन ठेवायला फ्लॅटमध्ये जागा शोधावी लागते.

भरण्याच्या वेळेकडे कोणी लक्ष देत नाही. चार तासांच्या कटनंतर दोन ट्यूब्युलर बॅटऱ्यांतून सुमारे ९५ एएच गेलेले असतात. १५० एएचला १५ अँपिअर हा योग्य चार्जिंग करंट, आणि शेवटचा टप्पा हळू भरतो, त्यामुळे पूर्ण भरायला दहा-बारा तास लागतात. सकाळी लाईट गेली आणि जूनच्या वादळात संध्याकाळी पुन्हा गेली, तर बॅटरी अर्धवटच असते. लिथियम ३० अँपिअरने दोन-अडीच तासांत पुन्हा तयार होते.

तुमच्या जागी मी तीन बीएलडीसी पंखे, २५.६ व्होल्ट १०० एएच लिथियम फॉस्फेट बॅटरी आणि लिथियमची सेटिंग असलेला दीड केव्हीएचा (दीड हजार व्हीए, इन्व्हर्टरच्या ताकदीचे माप) प्युअर साइन वेव्ह, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लाट देणारा इन्व्हर्टर घेईन. बजेट बसत नसेल तर तेच पंखे आणि दोन उंच ट्यूब्युलर १५० एएच. पंखे न बदलता मोठी लिथियम, हा तिसरा मार्ग मी सुचवणार नाही.

इन्व्हर्टर दीड केव्हीएच का? सगळे एकदम चालू असले तर: पंखे २२५, दिवे ४०, राउटर १५, टीव्ही ९०, लॅपटॉप ६०, चालू फ्रिज १००, सीपॅप ३०, पाण्याचे प्युरिफायर ४०. एकूण ६०० वॅट. त्यावर पाव भाग जादा धरा, ७५०. शिवाय जुन्या धाटणीचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर चालू करंटच्या पाच-सहा पट ओढतो. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरच्या फ्रिजला हा झटका नसतो. खोक्यावरच्या मोठ्या आकड्यावर जाऊ नका. मॉडेलच्या नावात ११०० असते आणि मागच्या पट्टीवर ९०० व्हीए, ७५६ वॅट असे निघते. पट्टीवरचे वॅट वाचा, तेच खरे. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर स्वस्त असतो, पण त्यावर पंखे घुमतात, फ्रिजची मोटर तापते आणि सीपॅप तर अजिबात लावू नये.

फ्रिजबद्दल एक गोष्ट. दार न उघडता ठेवला तर बंद फ्रिज चार तास पुरेसा थंड राहतो. बजेट आखडते असेल तर यादीतून पहिला फ्रिज काढा. मिक्सर, मायक्रोवेव्ह, इस्त्री, गीझर, इंडक्शन बॅकअपच्या वायरिंगवर येताच कामा नयेत. घाईत मायक्रोवेव्ह लागला की इन्व्हर्टर ओव्हरलोडला जातो आणि ऐन वेळी सगळे घर बंद होते.

वडिलांचे सीपॅप मात्र या इन्व्हर्टरच्या भरवशावर सोडू नका. रात्री पंखे आणि सीपॅप एवढेच चालू असले तरी इन्व्हर्टर स्वतःसाठी १५ ते २५ वॅट खातो, म्हणजे जवळपास मशीनइतकेच. त्यापेक्षा मशीनच्या कंपनीचा डीसी कन्व्हर्टर घ्या आणि पलंगाशेजारी १२.८ व्होल्ट २० एएचची छोटी लिथियम फॉस्फेट बॅटरी ठेवा. २५६ वॅट-तासांतून हातात येतात सुमारे दोनशे. २० वॅट घेणारे मशीन त्यावर दहा तास चालते, वर धरलेल्या ३० वॅटचे साडेसहा तास. बॅकअपवर असताना ह्युमिडिफायर आणि गरम नळी बंद ठेवा, नाहीतर हाच आकडा ६० ते ९० वॅटवर जातो आणि रात्र पुरत नाही. मशीनवर दाब जास्त लावलेला असेल तर आकडा थोडा वाढतो, तेव्हा एका रात्री मोजून घ्या. ज्यांच्या घरी ५ लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आहे त्यांचे गणितच निराळे, तो ३०० ते ३५० वॅट सतत घेतो. तिथे बॅटरी कितीही मोठी असो, भरलेला सिलिंडर आणि रेग्युलेटर घरात हवाच.

आता जागा. बरेच लोक बॅटरी हॉलमधल्या देवघराखालच्या कपाटात ठेवतात, कारण तिथे ती दिसत नाही. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. हवेत तो ४ टक्के झाला की ठिणगीने पेट घेतो. बंद कपाट, वरच्या फळीवर संध्याकाळचे निरांजन, आणि खाली पूर्ण भरत आलेली बॅटरी. ही मांडणी आजच बदला. कपाटच हवे असेल तर खाली आणि वर, दोन्हीकडे जाळी हवी, कारण हायड्रोजन हलका, तो वर जातो. दुसरी आवडती जागा ड्राय बाल्कनी. तिथे पाइपच्या गॅसचा मीटर आणि कॉक असतो. टर्मिनल काढताना-लावताना ठिणगी उडतेच, म्हणून बॅटरी त्या भिंतीपासून दूर ठेवा. पश्चिमेचे ऊन आणि पावसाची झड बाल्कनीत येत असेल तर ती जागाच नको. २५ अंशांच्या वर दर १० अंशांना लेड-ॲसिडचे आयुष्य साधारण निम्मे होते. लिथियमलाही ४५ अंशांच्या वर चार्ज करणे मानवत नाही. ती घरातून बाहेर पडायच्या वाटेवर किंवा झोपायच्या खोलीत ठेवू नये, एवढी काळजी घ्या. हॉलचा सावलीतला, हवेशीर कोपरा सर्वांत चांगला.

इन्व्हर्टर हॉलमध्ये आणि बॅटरी लांब बाल्कनीत, असेही काही जण करतात. इथे वायर घात करते. १२ व्होल्टवर ६०० वॅट म्हणजे ६२ अँपिअर. १६ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरचा रोध मीटरला १.१५ मिलिओहम. जाऊन-येऊन १० मीटर वायर झाली की तिच्यातच ०.७ व्होल्ट पडतात. बॅटरीवर अजून ११.२ व्होल्ट असताना इन्व्हर्टरला १०.५ दिसतात आणि तो बंद होतो. ग्राहक म्हणतो बॅटरी खराब, दुकानदार म्हणतो बॅटरी ठणठणीत. आणि त्या वेळी दोघेही खरे बोलत असतात. बॅटरी दीड मीटरच्या आत ठेवा, लांबवायचीच तर २३० व्होल्टची वायर लांबवा. २४ व्होल्टची जोडणी निम्मा करंट ओढते, हाही तिचा फायदाच.

बॅटरीच्या पॉझिटिव्हजवळच, वायरला फांदी फुटण्याआधी, डीसी फ्यूज हवा. या जोडणीला १०० अँपिअरचा पुरतो. घरातला साधा एमसीबी तिथे लावू नका. तो एसीसाठी आहे. डीसीची ठिणगी विझत नाही आणि एमसीबी आतल्या आत जळतो. वायरच्या टोकाचा धातूचा लग क्रिम्पिंग मशीनने दाबून घ्या, पक्कडने चेपलेला लग वर्षभरात तापायला लागतो. खाडीकाठच्या दमट, खारट हवेत टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पावडर जमते. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून पुसा, कोरडे करा आणि पेट्रोलियम जेली लावा.

वायरिंगमध्ये दोन चुका वारंवार होतात. पहिली: इलेक्ट्रिशियन पंखे-दिव्यांचा फेज इन्व्हर्टरवरून नेतो, पण न्यूट्रल जुनाच, डीबीतल्या (स्विचच्या मुख्य डब्यातल्या) सामाईक पट्टीवरचा ठेवतो. आरसीसीबी, म्हणजे शॉक लागताच वीज तोडणारा स्विच, आत जाणारा आणि परत येणारा करंट जुळवून पाहतो. तो न जुळल्यामुळे लाईट आली की आरसीसीबी पडतो. मग वैतागून कोणीतरी आरसीसीबीच काढून टाकतो, आणि घरात शॉकपासून वाचवणारी सर्वांत भरवशाची गोष्ट जाते. बॅकअपच्या सर्किटला स्वतःचा न्यूट्रल इन्व्हर्टरपासून वेगळा ओढून घ्या. दुसरी चूक तीन फेजच्या मोठ्या फ्लॅटमध्ये: बॅकअपचा एखादा पॉइंट चुकून दुसऱ्या फेजवर राहतो, आणि लाईट येताच त्या फेजची वीज उलटी इन्व्हर्टरमध्ये शिरून तो जळतो. चालू करण्याआधी मेन बंद करून बॅकअपचा एकेक पॉइंट टेस्टरने तपासून घ्या. बायपास स्विचही बसवा. इन्व्हर्टर दुरुस्तीला गेला तर आठवडाभर पंखे बंद राहायला नकोत.

घोडबंदर रोड, वाशी, खारघरच्या टॉवरमध्ये सोसायटीचा जनरेटर असतो. काही ठिकाणी तो फक्त लिफ्ट आणि पंपासाठी, काही ठिकाणी प्रत्येक फ्लॅटला ५०० वॅटपर्यंत वीज देतो. तुमच्याकडे दुसरा प्रकार असेल तर एक गोष्ट होते: जनरेटर सुरू झाला की इन्व्हर्टरला वाटते लाईट आली, आणि तो बॅटरी भरायला लागतो. दोन ट्यूब्युलर १५ अँपिअरने भरायला ५०० वॅटहून अधिक, लिथियम ३० अँपिअरने तर ९०० वॅट. फ्लॅटचा लिमिटर लगेच पडतो. चार्जिंग करंट कमी करता येणारा इन्व्हर्टर घ्या आणि तो ५ अँपिअरवर ठेवा. ते जमत नसेल तर सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनकडून बॅकअपचे सर्किट जनरेटरच्या पॉइंटपासून वेगळे करून घ्या.

छतावर सोसायटीचे सोलार आहे म्हणून निश्चिंत राहू नका. बॅटरी नसलेला ग्रिडला जोडलेला सोलार इन्व्हर्टर लाईट गेल्याबरोबर स्वतःही बंद होतो. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला उलटा शॉक बसू नये म्हणून ते तसेच केलेले असते.

एसीचा विषय निघतोच. एका बेडरूमचा एक टनाचा इन्व्हर्टर एसी रात्री एकदा खोली थंड झाल्यावर सरासरी ५०० वॅटच्या आसपास घेतो. सहा तासांचे ३००० वॅट-तास. एवढ्यासाठी मग ५.१२ किलोवॅट-तासांची ४८ व्होल्टची बॅटरी आणि तीन केव्हीएचा इन्व्हर्टर लागतो. तान्हे बाळ किंवा आजारी माणूस घरात असेल तर तो खर्च समजू शकतो. १२ ऑक्टोबर २०२० सारख्या दिवसासाठी मात्र नको. त्या दिवशी सकाळी १० च्या सुमारास कळवा-पडघा भागातल्या ४०० केव्ही वाहिन्यांच्या बिघाडाने मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम बंद पडले होते. असा प्रसंग विरळा असतो, आणि त्यासाठी बॅटरीचा आकार दुप्पट करणे परवडत नाही. रोजचा हिशेब महावितरणच्या दुरुस्तीच्या एसएमएसवरून करा. ग्राहक क्रमांकाला मोबाईल नोंदवलेला असेल तर ठरवून घेतलेल्या बंदची वेळ आधी कळते. वर्षभराचे असे मेसेज चाळले की तुम्हाला चार तास हवेत की दोन, हे आपोआप दिसेल.

इन्व्हर्टरमधल्या सेटिंगकडे येऊ. लिथियम लावताना बॅटरीचा प्रकार ‘लिथियम’ निवडा. ट्यूब्युलरच्या सेटिंगवर काही इन्व्हर्टर अधूनमधून व्होल्टेज चढवून प्लेटवरचे सल्फेट काढायचा प्रयत्न करतात. लिथियममधला बीएमएस, म्हणजे बॅटरीला जपणारे सर्किट, तेवढे व्होल्टेज पाहून बॅटरी तोडतो आणि घर अचानक बंद होते. २५.६ व्होल्टच्या बॅटरीला २८ व्होल्टपर्यंत चार्जिंग आणि २७ च्या आसपास फ्लोट (भरल्यावर धरून ठेवायचे व्होल्टेज) पुरेसे आहे. कायम काठोकाठ भरून ठेवली नाही की ती जास्त वर्षे टिकते. राउटर लाईट जाताना बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल तर इन्व्हर्टर यूपीएस मोडवर टाका. त्यात बदल १० ते २० मिलिसेकंदांत होतो. पण त्या मोडवर १८० व्होल्टखाली तो लगेच बॅटरीवर जातो. तुमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल तर बॅटरी रोज विनाकारण उतरेल.

ट्यूब्युलर घेतली तर खरेदीच्या वेळी दोन गोष्टी पाहा: उत्पादनाची तारीख आणि मल्टिमीटरवर १२.५ व्होल्ट. सहा महिने दुकानात पडून राहिलेली बॅटरी नवी म्हणवत नाही. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच महिन्याच्या हव्यात. जुनीच्या जोडीला नवी लावली तर जुनी नवीलाही घेऊन बुडते. वॉरंटीकार्डवरचे ३६ अधिक १२ म्हणजे ३६ महिने फुकट बदलून, पुढचे १२ महिने फक्त सवलत. डिस्टिल्ड वॉटर दोन-तीन महिन्यांनी, फ्लोटचे निशाण पाहून, आणि शक्यतो बॅटरी पूर्ण भरलेली असताना घाला. आरओचे पाणी चालत नाही, त्यात क्षार उरतातच. जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि दुकानदार नव्या बॅटरीत तिचे पैसे वळते करतो.

सगळे बसवून झाल्यावर इलेक्ट्रिशियनला पैसे देण्याआधी एक चाचणी घ्या. बॅटरी रात्रभर भरू द्या. सकाळी मेन स्विच पाडा, ठरलेले पंखे-दिवे-टीव्ही चालू करा आणि वेळ लिहा. मीटरवर मोजलेले वॅट माहीत आहेतच. वॅट गुणिले तास म्हणजे तुमच्या बॅटरीने प्रत्यक्षात दिलेली वीज. अर्ध्या तासाने इन्व्हर्टर, फ्यूज आणि लग यांना हाताची पाठ लावून पाहा. कोमट चालेल, चटका बसत असेल तर तो जोड सैल आहे. दोन ट्यूब्युलर असतील तर भार चालू असतानाच प्रत्येकीचे व्होल्टेज वेगवेगळे मोजा. फरक ०.३ व्होल्टच्या वर गेला तर एक बॅटरी कच्ची आहे, तिथेच बदलून मागा. हा आकडा आणि तारीख इन्व्हर्टरवर चिकटपट्टीवर लिहून ठेवा. दर सहा महिन्यांनी एखाद्या रविवारी तेच पंखे, तेच दिवे लावून पुन्हा मोजा. पावणेसहा तासांचे साडेचार झाले की नवीन बॅटरीची चौकशी सुरू करायची.